सही ज्याची, मान त्याची?

मंडळी, गेले दोन विकांत इथे काही खरडलं नाही. डोक्यात एकच विषय घोळत होता आणि तो धड मांडता येत नव्हता. विषय असा, की बांधकामावर माणूस मेला तर तुरुंगात कोणी जायचं?

"तू सॉफ्टवेअरवाला, तुला काय करायचंय?" असं कोणी म्हणेल. म्हणा बापडे. पण अमरावतीला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर निम्मे सिव्हिलवाले होते. आज ते सगळे कुठल्या ना कुठल्या साइटवर हेल्मेट घालून उभे आहेत. त्यामुळे थोडंफार करायचंय मला.

सुरुवात गावापासून करतो. आमचं कामरगाव कारंजा तालुक्यात, जिल्हा वाशीम. (१९९८ पर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. बाबा अजूनही सवयीनं "आपला अकोला जिल्हा" म्हणतात.) कापूस, तूर, सोयाबीन, आणि पावसाची वाट बघणं, हा गावाचा मुख्य धंदा. मग समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. काम चालू होतं तेव्हा आजूबाजूच्या गावांतली कितीतरी पोरं त्यावर लागली. कोणी डंपरवर, कोणी सळ्या बांधायला, आणि डिप्लोमा झालेले सुपरवायझर म्हणून. "पोरगा काय करते?" या प्रश्नाला "समृद्धीवर हाय" एवढं उत्तर पुरायचं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा उघडला आणि आमच्यापुरता रस्ता झाला.

पण पुढे मुंबईकडे काम चालूच होतं. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे पुलाचं काम चालू असताना गर्डर आणि लाँचर खाली कोसळले. (गर्डर म्हणजे खांबांवर आडवा बसणारा पुलाचा भाग, आणि लाँचर म्हणजे तो उचलून बसवणारं अजस्र यंत्र.) २० माणसं गेली. मजूर होते, तसे इंजिनिअरही होते. बहुतेक जण दुसऱ्या राज्यांतले. राज्य सरकारनं वारसांना ५ लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून २ लाख. शहापूर पोलिसांनी कंत्राटदारांवर गुन्हा नोंदवला, त्यात भारतीय दंड संहितेचं कलम ३०४अ होतं. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही उघडला आणि रस्ता सलग झाला. आता आपण नागपूरहून निघतो आणि गाणी ऐकत त्या पुलावरून पुढे जातो.

३०४अ म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत होणं. १८७० साली घातलेलं कलम. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं, तीही 'किंवा दंड'. भरधाव गाडी चालवून एकाला उडवणाऱ्या ड्रायव्हरलाही हेच, आणि २० माणसं दगावली तरी हेच.

आता फोनची गोष्ट. माझा एक वर्गमित्र आहे, शाळेपासूनचा, आमच्याच गावचा. बी.ई. सिव्हिल. पुण्याजवळ एका मोठ्या साइटवर आहे. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची नोकरी आहे.) महिन्यापूर्वी रात्री साडेअकराला फोन आला.

"अबे, सही करू का नको करू, सांग ना बाप्पा."

"कायची सही?"

"कंपनी म्हनते, साइटच्या सेफ्टीची सगळी जबाबदारी माही, असं पत्र लिहून दे. पगार चार हजारानं वाढवतो म्हनते."

"मंग तुले अधिकार काय देऊन रायले?"

"रजिस्टरमंधी लिहाचा."

"अन् काम थांबवाचा?"

यावर तो हसला. "मी 'थांबवा' म्हटलं त मलेच थांबवतीन."

मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब, वाचून सांगतो. कायदा वाचायचा नाद मला आहेच. कायदा वाचणं हे थोडंफार दुसऱ्याचा जुना कोड वाचण्यासारखं असतं. कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी एक अट घातलेली असते, आणि सगळा कारभार आजही तिच्यावर चाललेला असतो.

इथली अट १९०२ सालची आहे. मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी ३०४अ चा अर्थ लावला. मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे, आणि मध्ये दुसऱ्या कोणाचा निष्काळजीपणा आडवा येता कामा नये. 'हे नसतं तर ते घडलंच नसतं' एवढं नातं पुरत नाही.

ही अट कारखान्याला लावली की काय होतं, ते कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिसतं. सुप्रीम कोर्टाचा साठच्या दशकातला निकाल. मुंबईत रंग आणि व्हार्निश बनवण्याचा कारखाना होता. परवानगी फक्त थंड प्रक्रियेची होती, पण आत बर्नर पेटवून काम चालायचं, आणि त्याच जागेत टर्पेंटाइन, व्हार्निश असला भडकणारा माल भरलेला. एके दिवशी एका कामगारानं वितळलेलं डांबर पुरेसं निवायच्या आत त्यात टर्पेंटाइन ओतलं. फेस वर आला, बर्नरला भिडला, आग लागली. सात कामगार जळून मेले. कारखान्याचा मॅनेजर (तो भागीदारही होता) खाली ३०४अ खाली दोषी ठरला होता. सुप्रीम कोर्टानं त्यातून त्याला सोडलं. कारण काय? तर मृत्यूचं थेट कारण म्हणजे त्या कामगाराची घाई. मॅनेजरनं बर्नर ठेवू दिले म्हणून आग लागू शकली हे खरं, पण ते थेट कारण नव्हे. आगीबाबत निष्काळजीपणाचं कलम २८५ तेवढं कायम राहिलं.

या तर्कात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फौजदारी शिक्षा म्हणजे माणसाला कोंडणं, ते दूरच्या नात्यावरून करता कामा नये. पण बांधकामाच्या साइटवर याचा अर्थ काय होतो बघा. उंचावरून पडलेल्या माणसाच्या मृत्यूचं 'थेट कारण' शोधायला गेलात तर पहिला सापडतो तो स्वतः मेलेला माणूस. "त्यानं बेल्ट लावला नव्हता, साहेब." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बेल्ट होता का? असला तर तो अडकवायला वर दोर होता का? हे पुढचे प्रश्न. त्याच्या वर सापडतो सुपरवायझर, कारण तो तिथेच उभा असतो. स्लॅब मंगळवारीच भरायचा हे ज्यानं ठरवलं, तो त्या वेळी ऑफिसात असतो.

आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक सोय आहे. प्रोग्रॅमच्या कुठल्याही ओळीवर ती चालवली की त्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव येतं. उपयोगी आहे. पण टेस्टिंगचे चार दिवस कोणी कापले, 'शुक्रवारी काहीही करून लाइव्ह' असं कोणी सांगितलं, हे त्यात कधीच दिसत नाही. फरक एवढाच, की आमच्याकडे गडबड झाली तर सर्व्हर पडतो. तिथे माणूस पडतो.

बातम्या वाचून माझं जे मत झालंय ते असं. अटकेच्या दिवशी जाळं खालच्यांवर पडतं आणि निकालाच्या दिवशी ते बहुधा कोणावरच पडत नाही. अपघात झाला की लोकांचा राग असतो, पोलिसांना चोवीस तासांत नाव हवं असतं, आणि साइटवर हजर कोण? सुपरवायझर, साइट इंजिनिअर, मुकादम. मग पोलिसांनी कुठलं कलम लावलं यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. निष्काळजीपणाचं लावलं तर जामीन हक्कानं मिळतो. सदोष मनुष्यवधाचं लावलं, म्हणजे 'यानं माणूस मरेल हे माहीत असूनही केलं', तर अजामीनपात्र, सेशन्स कोर्ट, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आणि खटला वर्षानुवर्षं चालतो.

आता मित्राच्या सहीकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे. कायद्यात 'कृत्य' या शब्दात बेकायदेशीरपणे न केलेली गोष्टही येते. म्हणजे जे करायला तुम्ही कायद्यानं बांधील होतात ते केलं नाहीत, तर ते न करणं हेच तुमचं कृत्य. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं तुटका पहाड (म्हणजे परांची) बघितला आणि तो गप्प बसला, तर तो गुन्हेगार होत नाही. पण 'साइटच्या सुरक्षेची जबाबदारी माझी' असं लिहून दिलेला माणूस गप्प बसला, तर त्याचं गप्प बसणं पुराव्यात येतं. चार हजारांत कंपनी नेमकी हीच गोष्ट विकत घेत होती. अधिकार वर ठेवायचा, बांधिलकी खाली पाठवायची, आणि मध्ये एक सही.

त्याला विचारलं, बेल्ट संपले तर? म्हणाला, मागणी हेड ऑफिसला जाते, मागच्या वेळी तीन आठवडे लागले. तीन आठवडे काम थांबलं होतं का? नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सुपरवायझर बिचारा निर्दोषच? तसं मुळीच नाही. २४ डिसेंबर २००९ ला कॅनडात टोरांटोमध्ये एका उंच इमारतीच्या बाल्कन्यांची दुरुस्ती चालू होती. दिवस संपताना सहा कामगार एका झुल्यावर चढले, आणि सुरक्षा-दोर होते फक्त दोन. प्रोजेक्ट मॅनेजर तिथे होता. दोर कमी आहेत हे त्याच्या लक्षात आलं, त्यानं विचारलंही, पण काम थांबवलं नाही. झुला मधोमध तुटला. मॅनेजर बाल्कनीला धरून वाचला. नीट दोर बांधलेला एक जण लटकत राहिला आणि वाचला. पाच खाली पडले, त्यातले चार मेले, आणि त्या चौघांत साइट सुपरवायझरही होता. कंपनीला साडेसात लाख डॉलर दंड झाला. प्रोजेक्ट मॅनेजरला २०१६ साली साडेतीन वर्षांची कैद झाली आणि २०१८ साली अपिलातही ती टिकली. कामगारांनी स्वतःही काळजी घेतली नाही, म्हणून शिक्षा कमी करा, हा युक्तिवाद चालला नाही.

हे होऊ शकलं कारण कॅनडानं २००४ मध्ये फौजदारी कायदा बदलला होता. १९९२ साली वेस्ट्रे नावाच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन २६ खाणकामगार गेले आणि शिक्षा कोणालाच झाली नाही, त्यातून हा बदल आला. कायद्यानं नवीन कर्तव्य घातलं ते असं : दुसऱ्यानं काम कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यानं त्या माणसाला इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. शब्द 'अधिकार' असा आहे. सगळ्यात शेवटी हात कोणाचा लागला, हा प्रश्न मागे पडतो. त्या संध्याकाळी थांबवू शकणारा माणूस कोण होता आणि त्याला माहीत होतं का, एवढे दोन प्रश्न पुढे येतात. सुपरवायझर मेला म्हणून फाइल बंद झाली नाही.

आपल्याकडेही अलीकडे काही बदललंय, ते सांगायला हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाच्या मृत्यूला आता कलम १०६ आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. अजून एक गंमत : जुन्या कायद्यात इमारतीबाबतच्या निष्काळजीपणाचं वेगळं कलम होतं, २८८. पण ते फक्त इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना लागायचं. बांधताना नाही! नव्या २९० मध्ये 'बांधताना' हा शब्द आला. (शिक्षा मात्र सहा महिने, किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही.) १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्याची शिक्षा होती तीन महिने किंवा दोन हजार रुपये, किंवा दोन्ही. दोन हजार म्हणजे साधारण एका बऱ्या सेफ्टी बेल्टची किंमत! २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीची नवी संहिता लागू झाली. तीत कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. हे मला खरंच आवडलं.

पण आकडे वाढल्यानं 'कोण' हा प्रश्न सुटत नाही. दोनची पाच वर्षं झाली, म्हणजे चुकीच्या मानेवर आता पाच वर्षांचं ओझं. मोठी शिक्षा आली की मोठी माणसं जास्त सावध होतात, आणि त्यांची सावधगिरी म्हणजे आणखी एक पत्र, आणखी एक सही, खालच्या माणसाची.

मित्राला मी सांगितलं, सही नाकारू नकोस, अटी घाल. त्यानं लेखी कळवलं. एक, धोका दिसला तर कोणाला न विचारता काम थांबवायचा अधिकार मला लेखी द्या. दोन, बेल्ट, जाळी, दोर यांची खरेदी ठरावीक रकमेपर्यंत साइटवरूनच होऊ द्या. तीन, मी रजिस्टरमध्ये काही लिहिलं की त्याची प्रत त्याच दिवशी संचालकांना आणि स्ट्रक्चरल सल्लागाराला जाईल. हे दिलंत तर सही करतो, आणि मग मी थांबवलं नाही तर खुशाल मला आत टाका.

वाजवी आहे की नाही? मला तरी वाटलं.

दोन आठवडे उत्तर नाही. मग कळलं, सही झाली. दुसऱ्याची. नुकताच लागलेला डिप्लोमावाला पोरगा, कुठल्याशा दुष्काळी तालुक्यातला. घरी पैशाची गरज. मित्र म्हणाला, "तेले म्या समजावून पायलं. तो म्हने, दादा, तुमचं बरं हाय, तुमच्यापाशी डिग्री हाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकानं शहाणपण केलं की कागद दुसरी मान शोधतो. कागद मागेच घ्यावा लागेल अशी व्यवस्था एकट्या-दुकट्या इंजिनिअरच्या सावधपणातून उभी राहणार नाही. ती तपासातून उभी राहील. अपघातानंतर साइटवर पहिला येणारा पोलीस अधिकारी किंवा निरीक्षक 'इथे सुपरवायझर कोण?' असं विचारतो. त्याऐवजी त्यानं विचारावं : काम थांबवायचा अधिकार कोणाकडे होता? सुरक्षेच्या खर्चावर सही कोणाची लागायची? धोक्याची सूचना कोणाकोणाला गेली होती? आणि तारीख कोणी ठरवली? चारही उत्तरं ई-मेलमध्ये आणि रजिस्टरमध्ये असतात. चारही उत्तरांत सुपरवायझरचं नाव आलं, तर तोच आरोपी, आपली काही तक्रार नाही. पण बहुतेक वेळा येणार नाही, अशी माझी पैज आहे.

बाकी आपण आयटीवाले यात नाहीच असं समजू नका. हिंजवडीला जाता-येता बालेवाडी लागते. २९ जुलै २०१६ ला तिथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात शास्त्रीनगरला लोखंडी जाळी कोसळून ५ गेले. रात्री. सरळांबेलाही रात्रच होती. रात्री काम का चालतं? कारण तारीख गाठायची असते. आणि बऱ्याच ठिकाणी फ्लॅटचा हप्ता स्लॅबप्रमाणे ठरलेला असतो. एक स्लॅब पडला की आपल्याला मेसेज येतो आणि बँक पैसे सोडते. म्हणजे स्लॅब जितक्या लवकर, पैसे तितक्या लवकर. साइट बघायला जातो तेव्हा आपण 'पझेशन कधी?' एवढंच विचारतो. पुढच्या वेळी गेलात तर वर बघा. जाळी लावलीय का, माणसांच्या कमरेला दोर आहे का, आणि तो दोर कशाला तरी बांधलेला आहे का. नसेल तर सेल्सच्या माणसाला मेल टाका, कॉपीत संचालकांचं नाव घाला. दोन ओळी पुरेत. उद्या काही झालं, तर 'आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं' हे म्हणायची सोय वरच्यांना उरणार नाही.

असो. फारच जड झालं. सिव्हिलवाल्या मित्रांनो, काही चुकीचं लिहिलं असेल तर हक्कानं सांगा. आणि कोणी असलं पत्र समोर ठेवलं, तर सही करण्याआधी एकच गोष्ट विचारा : थांबवता येईल का?